फवारणीआधी हाक मारा

मी मधपेटी बोलतेय, माकणीच्या शिवारातली. मला घरघरीची फार धास्ती आहे. का, ते ऐका.

गावच्या युवक मंडळाच्या प्रकल्पासाठी बिराप्पा सुतारानं मला घडवलं. पोरांनी माझ्यासोबत हौसेनं फोटो काढले आणि पहिले डंख बसताच सगळी पांगली. राहिली एकटी शिवकन्या, नुकती बारावी झालेली. भीती तिलाही होती. झाकणाला लावलेला हात ती दोनदा मागं घ्यायची, मगच ते उचलायची. पण ती रोज यायची.

शंकरप्पांच्या सूर्यफुलाच्या बांधावर माझा मुक्काम होता. फूल ऐन भरात असताना एका सकाळी त्यांनी पाठीवर पंप घेऊन औषध मारलं. चरायला गेलेल्या माशा परतल्या त्या गरगरत, पाय ओढत. दारातच उलथ्या पडून तडफडू लागल्या. आतल्या माशा त्यांना बाहेर ओढायच्या आणि ओढता ओढता स्वतःच कोसळायच्या. दुपारपर्यंत माझ्या पोटातली गुणगुण विझत आली. आता आपण नुसता खोका, असं मला वाटलं.

शिवकन्या मेलेल्या माशा ओंजळीत घेऊन तिथंच बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी शंकरप्पा उरलेल्या रानासाठी पुन्हा पंप घेऊन आले. ती आडवी उभी राहिली. गावात त्यांच्यापुढं कुणी तोंड उघडत नसे.

"माशांपायी पीक घालवू व्हय गं?"

"न्हाय अप्पा, फवारा की. फकस्त आदल्या दिवशी सांगा. सांजच्याला माशा घरी आल्या की म्या दार लावते."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

शिवकन्येनं बांधावर पाय रोवले. "तर म्या उद्याबी हितंच हुबी राहीन."

शंकरप्पांनी पंप उतरवून बांधावर ठेवला.

उरल्यासुरल्या माशांनी माझं पोट हळूहळू पुन्हा भरलं. मग शिवकन्या घरोघर फिरली. देवळाच्या भोंग्यावरून फवारणीची वर्दी मिळू लागली. बायका तिच्याकडं हे काम शिकायला आल्या, बांधाबांधावर पेट्या दिसू लागल्या. यंदा मंडळानं तिलाच अध्यक्ष केलं.

आणि परवा, वर्दी नसताना, आभाळातून घरघर आली. परगावचा ड्रोन, औषधानं भरलेला. माझं दार सताड उघडं, निम्म्या माशा फुलांवर. शिवकन्या सास्तूरला बैठकीला गेलेली. मला ना हलता येतं, ना ओरडता. सावली सरकत माझ्याकडं येत होती.

तेवढ्यात शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायका उठल्या. पदर खोचून ढेकळांतून धावत सुटल्या. शिवकन्येकडून पेट्यांचं काम शिकलेली गिरिजाबाई सगळ्यांत पुढं.

"उतरव ते! माशा भायेर हायत!"

ड्रोनवाला गांगरला. ड्रोन खाली उतरला.

घरघर थांबली, तरी माझ्या फळ्यांतला कंप काही केल्या जाईना. मला वाचवणाऱ्यांत शिवकन्या नव्हती आणि तरी मी वाचले, हे उमगायला वेळ लागला.

तुमच्या शिवारात एखादी पेटी असेल, तर फवारणीआधी तेवढी हाक मारा. आम्हाला आमचं दार स्वतः लावता येत नाही हो.