चौथ्या मजल्यावरची हाक

बुधवारी सकाळी साडेनऊला नजलाने चौथ्या मजल्याच्या सज्जातून खालच्या वाण्याला हाक मारली. वाण्याने वर पाहिलं, सज्जा कुठल्या घराचा ते ओळखलं आणि तो दुकानात निघून गेला.

"ऐकलं त्यांनी," नजला म्हणाली.

"ऐकतो की. चांगला ऐकतो," घरमालकीण मादाम ओल्फत मागून म्हणाल्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहत. "फक्त आमच्या इमारतीपुरता बहिरा आहे. तू खोल्या बघ ना, पोरी."

खोल्यांकडे नजलाचं लक्षच नव्हतं. अलेक्झांड्रियाच्या इब्राहिमिया भागातलं हे घर तिच्या रुग्णालयापासून चालत नऊ मिनिटांवर होतं. तिथल्या औषध विभागात ती आठ ते चार काम करी; त्या दिवशी रजा घेऊन आली होती. पण घर घ्यायचं की नाही, हे त्या हाकेवर ठरणार होतं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून तिच्या आईला जिने उतरता येत नव्हते. सध्या दोघी राहत त्या शहराबाहेरच्या वसाहतीत लिफ्ट होती, हिरवळ होती, पण खिडकीखाली चिटपाखरू नव्हतं. गेल्या महिन्यात आई सकाळी अकराला स्वयंपाकघरात पडली. दोन मिनीबस बदलून नजला घरी पोचली संध्याकाळी सहाला. मधले सात तास आई हाका मारत होती.

म्हणून नजलाला असं घर हवं होतं, जिथून आई दोरीला टोपली बांधून खाली सोडेल, खालचा दुकानदार तीत पाव-दूध ठेवेल, आणि एखाद्या दिवशी टोपली उतरली नाही तर ते कुणाच्या तरी लक्षात येईल. तीन आठवड्यांत तिने अकरा घरं पाहिली होती. वाणी बरोबर सज्जाखाली असलेलं हे पहिलंच.

"भांडण कशाचं?" तिने विचारलं.

"पाण्याचं." मादामनी भिंतीवरच्या एसीकडे हनुवटी उडवली. "याचं पाणी म्हणे त्याच्या तांदळाच्या पोत्यांवर ठिबकतं. आमचे हे म्हणाले, पोती आत घे, रस्ता काय तुझ्या बापाचा? मग तोही बोलला. ते मी सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी हे गेले, त्या दुपारी तो सांत्वनाला आला. आला, बसला आणि समोरच्या कॉफीला हातही न लावता उठला. सगळ्या नातेवाइकांदेखत! मेलेल्या माणसाशी कसलं वैर?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "एक वाजता दुसरं कुटुंब घर बघायला येतंय. त्यांना टोपलीबिपली काही नको."

नजला अडुसष्ट पायऱ्या उतरून दुकानात गेली. वाणी हाजी बदावी मसूर जोखत होते.

"चौथा मजला ना?" त्यांनी मान वर केली नाही. "दुसरं घर बघा."

"हाजी, मी तो एसी काढून टाकणार आहे. मला समुद्राचा वारा पुरतो."

"मादाम काढू देतील? नवऱ्याची आठवण आहे ती. माझ्या डोक्यावर टांगून ठेवलीय."

नजलाने आईचं सांगितलं. सात तास म्हणाल्यावर त्यांचा हात थांबला.

"कोणीच आलं नाही?"

"ऐकायला कोणी नव्हतंच."

त्यांनी मसुराची पुडी बांधली. "पाणी थांबलं तर टोपली भरेन. दहापर्यंत उतरली नाही तर हाक मारीन. पण तुमच्या आईसाठी. त्या बाईसाठी नाही. दोन वर्षांत माझ्या सलामाला उत्तर नाही तिचं."

"तुम्ही कॉफी घेतली नाहीत म्हणून."

"कुठली कॉफी?" मग त्यांना आठवलं. "अहो, सोमवार होता! सोमवार-गुरुवार माझा रोजा असतो."

"मग सांगायचं ना तसं."

"प्रेत नुकतं घरातून गेलेलं, आणि मी काय माझ्या उपासाची दवंडी पिटू? बायकोशिवाय कुणाला माहीत नाही ते."

"मी सांगू मादामना?"

"मुळीच नाही." त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी तराजू ओढला. "वार सांगितलात तर माझी हरकत नाही."

नजला धापा टाकत वर आली. "एसी काढू दिलात तर टोपली भरतील. आणि म्हणाले, तो सोमवार होता."

"कुठला सोमवार? हे गेले तो? हो, सोमवारच—" मादाम थांबल्या. त्या पुटपुटल्या, "पाणीही घेतलं नव्हतं मेल्याने." मग एकदम आवाज चढला. "तोंड शिवलं होतं का त्याचं? दोन वर्षं! गाढव कुठला!" पण त्या आवाजात मघाची धार नव्हती. त्यांनी मोबाइल काढला आणि एक वाजताच्या कुटुंबाला येऊ नका म्हणून कळवलं. "एसी काढ. भिंतीला भोक पडेल ते मात्र बुजव."

नजला तिथल्या एकुलत्या स्टुलावर बसली. थोड्या वेळाने उठून तिने पहिल्यांदा खोल्या पाहिल्या.

गुरुवारी एसी उतरला. शुक्रवारी चार हमालांनी आईला खुर्चीसकट वर नेलं, आणि प्रत्येक मजल्यावर आईने त्यांना हळू चालण्याबद्दल टोमणे मारले. शनिवारी टोपली नीट उतरली.

रविवारी दहा वाजून चार मिनिटांनी रुग्णालयात नजलाचा मोबाइल वाजला. "टोपली आलेली नाही," हाजी बदावी म्हणाले. "तीन हाका मारल्या. तुम्ही थांबा." नजला ॲप्रन न काढता फाटकापर्यंत पोचली, तेवढ्यात पुन्हा फोन आला. "झोपल्यात. डोक्यावर उशी घेऊन, चक्क घोरतायत. सगळं ठीक आहे."

नजला फाटकाच्या खांबाला टेकली. "कोणी पाहिलं?"

"मादाम वर गेल्या. दुसरी किल्ली आहे त्यांच्याकडे."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"दूध तापतंय उन्हात, आत ठेवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी तिने मादाम ओल्फतना तेच विचारलं. जिने चढून दम लागलाय, नंतर बोलू, असं त्या म्हणाल्या. ते बोलणं अजून झालेलं नाही.