पूजेच्या दिवशी बंद पडलेला फ्रीझर

मित्रांनो, जबलपूरच्या एका प्रयोगशाळेतला मी म्हातारा डीप फ्रीझर. भाजी आणि दूध सांभाळणाऱ्यांतला मी नव्हे. कॅन्सरच्या गाठींचे गोठवलेले तुकडे माझ्या पोटात असतात, शून्याच्या खाली ऐंशी अंशांवर! ट्रकमधून नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आलो तेव्हा सगळ्यांनी दारावर हात फिरवून माझे कौतुक केले. पुढे माझी घरघर वाढली आणि मी बोलणी खाऊ लागलो. धोक्याच्या घंटीची बॅटरी संपली, ती बदलायला कोणाला सवड झाली नाही.

अवंतिकादीदी मात्र मला जपायची. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतला कॅन्सर ज्या एन्झाइमच्या जोरावर फोफावतो, त्याला अडवणारे रसायन ती शोधत होती. कित्येक रसायने वाया गेली. अखेर एक लागू पडले, तेही एकाच गाठीच्या एन्झाइमवर. ती गाठ तिच्या वडिलांची, रत्नाकररावांची. खातरी करायला लागणारे उरलेले तुकडे माझ्याजवळ होते. मला केवढा अभिमान वाटायचा!

यंत्रांना पूजतात त्या विश्वकर्मा पूजेला ती बाबांना घेऊन आली. त्यांची उभी हयात तोफांच्या कारखान्यात गेलेली. त्यांनी मला हळदकुंकू लावले, हार घातला, आणि दीदी हात धुवायला गेली तेव्हा मागचे बटण बंद केले. माझा जीवच गेला. ओरडणार कसा? घंटी मुकी होती. दुसऱ्या दिवशी सुट्टी.

तिसऱ्या दिवशी दार उघडताच पाणी वाहिले. दीदी पांढरीफटक पडली. निर्माल्य न्यायला बाबाही आले होते.

"बाबा, हे तुम्ही बंद केलं?"

"हो. काहून ग? पूजेच्या दिवशी मशीनला आराम द्यावा लागते. आम्ही तर असंच करत होतो."

"यात तुमच्या गाठीचे तुकडे होते. सगळे खराब झाले."

"अच्छा... मग अजून घे ना माझ्यातून. मी तयार आहे."

"ऑपरेशनमध्ये पूर्ण ग्रंथीच काढली ना, बाबा. आता कुठून घेऊ?"

रत्नाकरराव ओल्या फरशीवर मटकन बसले. "म्हणजे तुझं औषध मीच..."

मित्रांनो, मी अजून हादरलेलो आहे. मला पुन्हा चालू केले आहे, पण पोट रिकामे आहे. रागावू तरी कोणावर? त्यांनी माझ्यावर मायाच केली होती. तुम्हीही कोणावर माया कराल, तेव्हा त्याला काय लागते ते आधी विचारा. मी थांबलो की मरतो, हे त्या भल्या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते.