दोरी असताना हॉर्न

पीं पीं, मग गप्प. संपलं वाटतं तोच पुन्हा पीऽऽं! मित्रांनो, ही आमच्या स्वप्नीलची डब्याची हाक. मोटारसायकल खाली उभी करून बटण दाबतो. तीन जिने चढायला साहेबांचे पाय दुखतात.

मी लालबागच्या चाळीतली जुनी खिडकी आहे. सागवानी आहे, फळकूट समजू नका. स्वप्नीलचा बाप गणपत गिरणीत होता. त्याने माझ्या कडीला दोरी बांधली, एका टोकाला टोपली, दुसरं टोक खाली रस्त्यापर्यंत. खालून त्याने दोनदा ओढलं की माझी कडी किणकिणायची आणि त्याची बायको सुंदराबाई टोपलीतून डबा सोडायची. ना हॉर्न, ना आरोळी. दोरी अजून लोंबते आहे.

पुढे समोर उड्डाणपूल झाला. त्याची घरघर दिवसभर चालते, लांबच्या समुद्रासारखी. तिचा मला कधी राग आला नाही. तिच्यात माझे डोळे मिटतात, आणि माझ्याखालच्या पाळण्यात स्वप्नीलची तान्ही मनूही तरंगत तरंगत झोपते. मनू अशक्त आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झोप झाली तरच बाळसं धरेल." पण तो हॉर्न! पोर दचकते, मुठी आवळते, लालेलाल होऊन रडते.

"रस्त्याचा आवाज फार झाला, आई," म्हणत परवा स्वप्नीलने मला गच्च लावून घेतलं. फटींत चिंध्या कोंबल्या. समुद्र आटला. आणि दुपारी त्या शांततेत पीं पीं आलं, रिकाम्या हंड्यात खडा पडावा तसं. मनू पूर्वीपेक्षा जास्त दचकली.

"आता तर खिडकी बंद आहे ना हो!" सून अक्षदा रडकुंडीला आली.

सुंदराबाई उठली. शाळा दुसरीपर्यंतच, पण कान शाबूत. "अगो, पूल निजवतो तिला. उठवतो तो तुझा नवरा."

तिने चिंध्या उपटल्या, मला ढकललं. माझी बिजागरी करकरली. घरघर आत आली, आणि मनूची मूठ हळूहळू सुटली.

खाली स्वप्नीलचा अंगठा पुन्हा बटणाकडे निघाला होता. सुंदराबाई बाहेर वाकली. माझ्याच मनातलं बोलली:

"मेल्या, रस्त्याला नावं ठेवतोस? तो परका असून तुझ्या लेकीला जोजवतो, तू बाप असून उठवतोस! दोरी तुझ्या बापाने बांधलीय, ती ओढ. ते बटण पुन्हा दाबलंस, तर टोपली येईल खाली. रिकामी!"