साच्याला लागलेला डाख

मित्रांनो, मी एक जुना केकचा साचा आहे. नुसता साचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर साधा गोल डबा येतो, आणि तिथेच माझा पारा चढतो. मी दोन भागांचा आहे. एक सपाट गोल तळ आणि त्याच्याभोवती बसणारं पत्र्याचं उंच कडं. कड्याच्या बाजूला एक खटका आहे. खटका मिटला की कडं तळाला घट्ट धरून ठेवतं. खटका उघडला की ते सैल होतं आणि अलगद वर उचलून घेता येतं. केक मात्र तळावर जसाच्या तसा उभा राहतो. चीजकेक फार मऊ असतो. तो उलटा करून काढायला गेलं तर त्याचा नुसता लगदा होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्यावर जे ओढवलं ते हे ठाऊक नसल्यामुळेच ओढवलं.

माझा जन्म पत्र्याची भांडी करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे खटके बसवणारी एक बाई होती. ती प्रत्येक साच्याचा खटका तीनदा उघडून मिटून बघायची आणि मगच पुढे सरकवायची. तिसऱ्या वेळी माझा खटका जरा अडखळला. तिने हातोडीने हलकेच दोन ठोके दिले, पुन्हा तीनदा पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

दुकानाच्या फळीवर मी बरेच महिने धूळ खात पडलो होतो. लोक मला उचलायचे, खटक्याशी चाळा करायचे आणि परत ठेवून द्यायचे. मग एक दिवस एक नवी नवरी आली. ती इस्पितळात परिचारिका होती. तिने मला हातात घेतलं, तळ बोटांनी दाबून बघितला आणि दुसरं काहीही न पाहता सरळ पिशवीत टाकलं. त्या दिवसापासून मी तिच्या घरचा झालो. पुढे ती आई झाली, म्हणून मीही तिला आईच म्हणतो.

आमचा पहिला केक म्हणजे फजितीच होती. आईने बिस्किटांचा चुरा वितळलेल्या लोण्यात कालवून माझ्या तळावर थापला आणि मला ओव्हनमध्ये ठेवलं. दहाच मिनिटांत लोणी माझ्या फटीतून ठिबकायला लागलं आणि स्वयंपाकघर धुराने भरलं. खोटं कशाला बोलू, मी जन्माचाच थोडा गळका आहे. दोन तुकड्यांच्या साच्यात फट ही राहणारच. आईने मला फेकून दिलं नाही. तिने मला बाहेरून फॉइलचे दोन पदर गुंडाळायला सुरुवात केली. ते पदर ती केक कापायच्या वेळेपर्यंत काढायची नाही. माझा खटका चुकून उघडेल अशी तिला भीती वाटायची.

हळूहळू तिचा हात बसला. क्रीम चीज फ्रीजमधून दोन तास आधी बाहेर काढायचं, नाहीतर गुठळ्या राहतात. साखर घालून ते सावकाश फेटायचं, अंडी एकेक करून घालायची, घाई करायची नाही. मग मला गरम पाण्याच्या परातीत बसवून ओव्हनमध्ये ठेवायचं, म्हणजे केकला भेगा पडत नाहीत. कडा बसल्या आणि मधला भाग अजून जरासा थरथरतोय, असं दिसलं की ओव्हन बंद. पूर्ण गार झाल्यावर वर फळं मांडायची. स्ट्रॉबेरी, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, हिरवी द्राक्षं. मांडताना ती जीभ किंचित बाहेर काढायची. इस्पितळातल्या तिच्या मैत्रिणी, खालच्या मजल्यावरचा शिंपी, समोरच्या काकू, सगळे केकची तोंड भरून स्तुती करायचे. साच्याची कुणी केली नाही. तोवर मी मोरीत जाऊन पडलेला असायचो.

समोरच्या काकूंनी एकदा मला उसनं नेलं आणि चार महिने परत दिलं नाही. त्यांनी माझ्यात कांदे ठेवले होते. कांदे! परत आलो तेव्हा मला दोन ठिकाणी गंज चढला होता. आईने तो लिंबू आणि मीठ लावून काढला आणि काकूंना अवाक्षर बोलली नाही. मी मात्र तो अपमान अजून विसरलेलो नाही.

आता घरातल्या बाकीच्या दोघांबद्दल सांगतो. बाबा प्लंबर. गल्लीत त्यांना सगळे नळवाले म्हणतात. गळणारी कुठलीही वस्तू त्यांना बघवत नाही. पाहुणे म्हणून गेले तरी त्यांचा कान नळाकडे असतो. मुलगी अकरा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून बाबांनी तिला टिल्ली म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या वर्षी टिल्ली आजारी पडली. साधा ताप म्हणता म्हणता पाच आठवडे तिला इस्पितळात राहावं लागलं. घरी आली तेव्हा तिच्या फ्रॉकचे खांदे कोपरापर्यंत घसरत होते. आजार गेला होता, पण जाताना तिची भूक घेऊन गेला होता. दोन चमचे खाल्ले की ती तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, औषधांचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं तरच अंगात ताकद येईल. ती खात नव्हती आणि घर तिच्या ताटाकडे बघत बसलं होतं.

आईला काय करायचं ते ठाऊक होतं. ती वहीत घास लिहून ठेवायची, नाडी बघायची, उशी सारखी करायची. बाबांना यातलं काही येत नव्हतं. ते दारात उभे राहायचे, "कसं वाटतंय, टिल्ले?" एवढंच विचारायचे आणि पाना घेऊन मोरीत जायचे. ती घरी आल्यापासूनच्या पंधरा दिवसांत घरातले सगळे नळ दोनदा आवळून झाले. आपल्या लेकीसाठी आपल्याला काहीच करता येत नाही, हे त्यांना आतून खात होतं. मी ओट्यावरच्या फळीवरून रोज बघत होतो, म्हणून सांगतो.

एका दुपारी टिल्ली आपणहून म्हणाली, "आई, तुझा फळांचा चीजकेक खावासा वाटतोय."

आईने हातातला कप खाली ठेवला. "रविवारी करते," ती म्हणाली. मग स्वयंपाकघरात येऊन तिने मला खाली काढलं आणि बाबांना म्हणाली, "मेला हा साचा गळतो हो. मागच्या वेळी पाणी शिरून बिस्किटांचा पार चिखल झाला होता. या वेळी तसं व्हायला नको."

बस्स. गळतो हा शब्द बाबांच्या कानावर पडला.

शनिवारी आई कामावर गेली आणि बाबांनी मला जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवलं. आता मित्रांनो, नीट ऐका. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण या माणसाने मला उघडताना कधी पाहिलंच नव्हतं. ते कामावरून यायचे तोवर केक ताटलीत कापून ठेवलेला असायचा. त्यांच्या दृष्टीने मी एक गळकं भांडं होतो आणि माझा खटका म्हणजे ते भांडं कसंबसं आवळून धरायची कुणीतरी केलेली खटपट. त्यांनी कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग पिण्याच्या पाण्याच्या नळांचे सांधे वितळवून जोडायला ठेवलेली बिनशिशाची तार काढली, ज्योत पेटवली आणि माझ्या तळाच्या कडेने गोल डाख लावत गेले. तळ आणि कडं कायमची जोडली गेली. मला ओरडता आलं असतं तर अख्खी गल्ली गोळा झाली असती. शेवटी त्यांनी खटक्यावरही डाखाचा एक थेंब सोडला, अगदी मन लावून.

मग माझ्यात काठोकाठ पाणी भरून, खाली कोरडं वर्तमानपत्र घालून, तासभर समोर बसून राहिले. कागद कोरडाच राहिला. त्यांनी मला साबणाने तीनदा धुतलं, पुसलं आणि आईच्या सवयीप्रमाणे बाहेरून फॉइलचे दोन पदर असे गुंडाळले की आईलाही जमले नसते. रविवारी सकाळी मला आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "सगळी तयारी करून ठेवलीय. तू फक्त ओत."

आईचे डोळे भरून आले. नवऱ्याने आजवर स्वयंपाकघरातलं एवढं काम केलं नव्हतं. तिने फॉइल सोडून पाहिली नाही.

केक झाला तो असा, की तसा पुन्हा झाला नाही. वर एक भेग नाही. दिवसभर फ्रीजमध्ये गार झाल्यावर आईने स्ट्रॉबेरीचं कडं केलं, मधे संत्री, मधोमध द्राक्षं. संध्याकाळी टिल्लीला शाल पांघरून टेबलाशी बसवलं. बाबा आज घरीच होते. आईने फॉइल उलगडली, खटक्याला अंगठा लावला आणि थांबली.

"अहो, हे काय आहे?"

"डाख," बाबा छाती फुगवून म्हणाले. "आता थेंब गळायचा नाही. तासभर पाणी भरून ठेवलं होतं मी."

"पण हा उघडतो."

"उघडतो म्हणजे?"

"उघडतो म्हणजे उघडतो. हे कडं निघतं. तेव्हाच केक बाहेर येतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग खटक्याकडे. तो खटका कशासाठी होता हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मीच त्यांचा गुन्हेगार आहे असं मला वाटलं.

"दोन मिनिटांत सोडवतो," ते उठत म्हणाले. "ज्योत लावली की डाख वितळतो."

"आणि केक?"

ते पुन्हा बसले. टेबलावरच्या ताटल्या रिकाम्या होत्या. बाबा खाली मान घालून म्हणाले, "तू तिचं सगळं करतेस. मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून होईल."

आईला रागही आला होता आणि रडूही येत होतं. त्या केकवर तिने किती आशा लावली होती, ते वहीतल्या रिकाम्या ओळींना ठाऊक होतं.

तेवढ्यात टिल्लीने शालीतून हात बाहेर काढला. "बाबा, मोठा चमचा द्या ना."

तिने चमचा सरळ मधोमध खुपसला, द्राक्षांसकट. एक घास. मग दुसरा. मग तिने चमचा माझ्या भिंतीला घासून थेट तळापर्यंत नेला आणि खालचं बिस्कीट खरवडून काढलं. आईने सवयीने घास मोजायला सुरुवात केली. पाच, सहा, सात. मग तिने मोजणं सोडून दिलं आणि स्वतःही एक चमचा घेतला.

"आई, खालचं बिस्कीट कुरकुरीत झालंय," टिल्ली तोंडात घास धरूनच म्हणाली. "आधी कधीच एवढं होत नव्हतं."

बाबांनी मान वर केली. "खरंच?"

"खरंच. कडकड वाजतंय."

"ओलं नाही ना कुठे?"

"नाही, बाबा. तुम्हीच खाऊन बघा."

मित्रांनो, इतकी वर्षं मी केक तयार करून दुसऱ्याच्या ताटलीत देत आलो होतो. तो खाताना माणसं कशी दिसतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तीन चमचे माझ्या पोटात एकमेकांना थडकत होते. टिल्लीच्या ओठावर क्रीम लागलं होतं आणि बाबा रडत रडत खात होते. माझा खटका गेला याचं दुःख मला त्या वेळी झालं नाही. नंतर झालं, नाही म्हणत नाही. खटका हीच माझी ऐट होती.

बाबा पुढे कितीदा म्हणाले की डाख काढून देतो. आईने हात लावू दिला नाही. पाहुण्यांसाठी तिने नवा साचा आणला. तो चकचकीत आहे, खटकाही कुरकुर करत नाही, आणि त्याचा त्याला फार गर्व आहे. मी फक्त घरच्यांसाठी. माझ्यातला केक कापत नाहीत, चमच्याने खातात.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला तारेच्या घासणीने घासू नका, आणि ओला ठेवू नका. त्याच्यात कांदे तर मुळीच ठेवू नका. काही दुरुस्त करायला घ्याल तर ते चालतं कसं, हे आधी कुणाला तरी विचारा. आणि कुणी तुमच्यासाठी जीव ओतून काहीतरी भलतंच करून ठेवलं, तर त्याच्यासमोर रिकामी ताटली घेऊन बसून राहू नका. चमचा मागा.

टिल्लीने त्या दिवशी अर्धा केक संपवला. वहीत त्या तारखेपुढे आईने आकडा लिहिला नाही. तिथे नुसतं लिहिलं आहे, "पोटभर."