ते आपणहून बोलायचे

दुकानदाराने संगणक टेबलावर ठेवला आणि घाम पुसत सांगितलं, "ताई, घाबरू नका. आत दोन डिस्क आहेत. एकीवर जे लिहिलं जायचं ते दुसरीवरही आपोआप उमटायचं. पहिली गेली. दुसरी ठणठणीत आहे, सगळं जसंच्या तसं. फक्त तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. नवा घ्या, सगळं त्यात टाकून देतो."

लेकीला हायसं वाटलं. आईने मात्र विचारलं, "नव्यात हे बोलतील?"

दुकानदार गोंधळून लेकीकडे बघू लागला.

बाबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. आई घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. तिच्यासाठी हा संगणक बाबांनी स्वतः जुळवला होता. सकाळी तिने बटण दाबलं, पडदा उजळला, की आधी बाबांचा आवाज यायचा. काय म्हणायचे ते लेकीला ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन गेल्यानंतरची ही दोघांची थट्टा.

दुकानदार गेल्यावर ती म्हणाली, "आई, ती फाइल काढून फोनवर लावून देते. हवी तेव्हा ऐक."

"फोनवर नको. तिथे आपण त्यांना बोलायला लावणार. इथे ते आपणहून बोलायचे." मग आई जरा घुश्शातच म्हणाली, "जन्मभर आम्हाला सांगत आले, सगळं दोन ठिकाणी ठेवा म्हणून. आणि स्वतः?"

लेकीची नोकरीच अशी यंत्रं सांभाळायची; तिने झाकण उघडून सगळं तपासलं. आईचं खरं होतं. मजकूर दोन्ही डिस्कवर होता, पण यंत्राला जागं करणारा चिमूटभर भाग बाबांनी पहिलीवरच लिहिला होता. सगळं दोनदा सांभाळलं आणि किल्ली तेवढी एकाच खिशात ठेवली.

तिने मेलेली डिस्क काढून बाजूला ठेवली. पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केलं, उरलेल्या डिस्कवरची बाबांची मांडणी उघडली. तो चिमूटभर भाग आता हिच्यावर लिहायचा होता. डिस्कचं नाव तिने पुन्हा पुन्हा वाचलं. इथे हात चुकला तर उरलेलंही जायचं. मग श्वास रोखून आज्ञा दिली.

पेनड्राइव्ह काढला. चालू करून बघण्याआधी तिने स्पीकरची वायर उपसून ठेवली. पडदा उजळला, बाबांनी मांडलेली चित्रं जागच्या जागी आली. कुठेतरी तेवढ्यात ते बोलूनही गेले असतील. तिने संगणक बंद केला, वायर जोडली आणि आईला हाक मारली.

"झाला? काय म्हणाले?"

"ऐकलं नाही मी. वायर काढली होती. तुमचं दोघांचं आहे ना ते. नवी डिस्क आणली की तिच्यावरही लिहीन, म्हणजे पुन्हा अडायला नको."

आईने खुर्चीत सरकून लेकीला जागा करून दिली. "बस. तूच दाब."

पंखा घुरघुरला. पडदा उजळला. सर्दी झालेला, हसू दाबलेला आवाज आला, "बाईसाहेब, चष्मा लावा आधी. मग चुका काढा लोकांच्या."

आईने डोळ्यांशी हात नेला. चष्मा नव्हता. बाबा गेल्यापासून तिने काम उघडलंच नव्हतं.

"आणते, आणते," ती पडद्याला म्हणाली आणि उठून आत गेली.

लेक तिथेच बसून राहिली. बंद करून पुन्हा लावावा, असं तिला फार फार वाटलं.