सह्यांची भिंत

शहराच्या भर चौकातलं जुनं नाटकगृह पाडायचं नाही, जपायचं, असं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त खूश झाला तो तिथला म्हातारा पडदेवाला. चाळीस वर्षं त्याने पडदा ओढला होता. पण त्याचा खरा जीव रंगमंचामागच्या भिंतीवर. जो मंचावर उभा राहिला त्यानेच तिच्यावर सही करायची, हा तिथला रिवाज, आणि त्याची राखण याने आपणहून अंगावर घेतलेली. चहावाल्याने सही केली, व्यवस्थापकाच्या मेव्हण्याने केली. याने कुणाचीच गय केली नाही. चुन्याचा एक हात मारला की झालं! स्वतः एकदा बिनसंवादाचा भालदार झाला होता, ती सही मात्र अगदी मधोमध.

त्याची बायको तिथेच कपडेपट सांभाळायची. एकदा ऐन प्रयोगात राणीचा शालू उसवला, तेव्हा विंगेत गुडघ्यांवर बसून तिने तो अंगावरच शिवला. नंतर भिंतीच्या तळाशी, पेटाऱ्याआड, बारीक अक्षरात आपलं नाव लिहिलं.

"अगं, तू कधी मंचावर गेलीस?" त्याने विचारलं.

"मी नाही. माझे टाके गेले ना."

बायकोला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिचं नाव त्याने आधी पॉलिश पेपरने घासलं आणि मग वर चुना दिला. ती हसली. त्या विषयावर पुन्हा अवाक्षर काढलं नाही. या शहाण्याला वाटलं, विसरली.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली होती, आणि उद्या भिंतीवर काच बसणार होती. डागडुजी करणाऱ्या मुलीला तो म्हणाला, "बाळ, खाली चुन्यात एक नाव आहे. पुसट असेल, पण तेवढं वर काढ."

मुलगी पोटावर आडवी झाली आणि बारीक सुरीने पापुद्रे काढू लागली. चुन्याखालून चहावाला वर आला. मेव्हणाही आला. पेटाऱ्याच्या जागी मात्र कोरा गिलावा.

"काका, हे कुणीतरी आधी घासलंय. फार चोख काम आहे."

त्याने आपले हात पाठीमागे लपवले. त्याच्याकडे बघून मुलीच्या काय ते लक्षात आलं. तिने पेन्सिल पुढे केली. "तुम्ही लिहा ना. मी पाहिलं नाही."

तो गुडघ्यांवर बसला. भिंतीला पेन्सिल टेकवली, आणि हात थांबला. आपलं नाव ती कसं लिहायची, तेच त्याला आठवेना.

"नको," तो म्हणाला. "ज्याची सही त्यानेच करायची असते." आणि भिंतीला कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला.