गुलाबांची रजाई

बाबांना जाऊन दोन महिने झाले आणि आईने महानगरातल्या घराच्या अंगणात सगळीकडे पांढरी बजरी टाकायचं ठरवलं. बाबांची झाडं तिला बघवत नव्हती. नेत्राला मात्र त्यांचे गुलाब हवे होते. आईशी वाद घालण्यापेक्षा तिने शिवबरन माळ्याला फाटकाशीच गाठून पढवलं, "आई विचारेल तेव्हा सांगा, बजरी उन्हाने तापते आणि मुळं भाजतात."

शिवबरनने अंगणात येऊन मूठभर माती हुंगली आणि मोठा उसासा टाकला.

"माताजी, बजरी तो हम आज ही डाल दें. मगर मोहल्ले भर की बिल्लियाँ यहीं गंदगी करने आएँगी. गुलाब को तो सूखे पत्ते ओढ़ाइए. जैसे हमको रज़ाई, वैसे उसको पत्ते."

नेत्राने त्याच्याकडे डोळे वटारले. यातलं एक अक्षरही तिने शिकवलं नव्हतं.

आई त्याच्याकडे रोखून बघत होती. "ये रज़ाई वाली बात साहब ने सिखाई न?"

शिवबरनने कान पकडले. "जी. पिछले साल, जब आपने बजरी की ज़िद की थी. फिर आपने ख़ुद ही ज़िद छोड़ दी, तो हमें बोलने का मौक़ा ही नहीं मिला."

"आणि तू काय पढवलं होतंस?" आईने नेत्राकडे वळून विचारलं.

"मुळं भाजतात," नेत्रा पुटपुटली.

"बाबांचं जास्त बरं होतं," आई म्हणाली आणि ओठांवर आलेलं हसू दाबत शिवबरनला म्हणाली, "पत्तों की रज़ाई ज़रा मोटी बिछाना."